चिंचवडगावची सायंकाळ

पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावर चिंचवड नावाचे एक स्थानक लागते. गाडीत बसलेल्या प्रवाशाला तेथे कारखान्यांची छपरे आणि दाटीने उभ्या राहिलेल्या उंच इमारती दिसतात. गाडी क्षणभर थांबते आणि पुढे निघून जाते. जुने चिंचवडगाव या स्थानकापासून बरेच आत, पवना नदीच्या काठी वसलेले आहे. ते गाडीतून दिसत नाही. चिंच आणि वड या दोन वृक्षांवरून गावाला हे नाव पडले, असे जुनी माणसे सांगतात.

खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची आगगाडी १८५८ मध्ये सुरू झाली. परंतु या भागाचे रूप पालटले ते त्यानंतर शंभर वर्षांनी. स्वातंत्र्य मिळाल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या माळांवर एकामागून एक कारखाने उभे राहिले. औषधे, मालमोटारी, स्कूटर, यंत्रांचे लहानमोठे भाग येथे तयार होऊ लागले. १९७० मध्ये या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे कारखान्यांची ही रांग चाकणपर्यंत जाऊन पोहोचली. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांहून अधिक भरली. एवढी माणसे अर्थातच येथे जन्मलेली नव्हती. कोणी बीडहून आले, कोणी जळगावहून, कोणी सोलापूरहून, तर कोणी उत्तर प्रदेशातून.

भोसरीच्या एका शाळेत सातवीच्या वर्गावर बाईंनी एकदा ‘आमचे गाव’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. अडतीस मुलांनी अडतीस निबंध लिहिले. त्यांत विहिरी होत्या, जत्रा होत्या, बैलांची नावे होती. परंतु भोसरीचे किंवा चिंचवडचे नाव एकाही निबंधात नव्हते. एका मुलीने बिदर जिल्ह्यातील भालकीविषयी लिहिले होते. ती दोन वर्षांची असताना तिचे वडील तेथून कामासाठी इकडे आले. भालकी तिला आठवतही नव्हती. आजीने सांगितले तेवढे तिने लिहिले होते.

बाईंनी निबंध तपासले आणि कोणाचेही गुण कापले नाहीत. मात्र पुढच्या शनिवारी दुपारनंतर त्यांनी सारा वर्ग बसमध्ये बसविला आणि चिंचवडगाव गाठले. तेथे त्यांच्या ओळखीचे एक वृद्ध शिक्षक वाट पाहत उभे होते. गावात कोणी पाहुणे आले की त्यांना गाव दाखवावयाचे, हा या गुरुजींचा निवृत्तीनंतरचा छंद. ते पाहुण्यांना नेहमी सायंकाळी बोलावीत. दिवसा रस्त्यावर वाहनांची गर्दी फार आणि नदी पाहावी तर मावळतीच्या उजेडातच, असे त्यांचे म्हणणे होते. मार्गशीर्ष महिना चालू होता. ऊन उतरले होते आणि हवेत गारवा आला होता.

“मुलांनो,” गुरुजी म्हणाले, “आज मी तुम्हांला दोन प्रकारच्या गोष्टी सांगणार आहे. काही गोष्टी कागदावर किंवा दगडावर लिहिलेल्या आहेत. काही गोष्टी लोक पिढ्यानुपिढ्या सांगत आले आहेत. कोणती गोष्ट कोणत्या प्रकारची, हे तुम्ही लक्षात ठेवा. मी विसरलो, तर मला विचारा.”

मंडळी प्रथम चापेकर चौकात आली. चहूबाजूंनी वाहने धावत होती. चौकात क्रांतिवीर चापेकर बंधूंचे स्मारक आहे. कामावरून परतणारी कित्येक माणसे त्याच्या बाजूने जात होती; मान वर करून पाहणारा त्यांत एखादाच. गुरुजींनी मुलांना तेथे फार वेळ थांबविले नाही. ते त्यांना चापेकरांच्या वाड्याकडे घेऊन गेले. या वाड्याचा जीर्णोद्धार झाला असून चापेकरांचे चरित्र तेथे पाहावयास मिळते.

“या घरातील हरी विनायक चापेकर हे कीर्तनकार होते,” गुरुजी सांगू लागले. “घरची स्थिती एके काळी बरी होती, पुढे ती खालावली. साथीला पैसे देऊन वादक ठेवणे त्यांना परवडेना. म्हणून त्यांनी आपल्या मुलांनाच वाद्ये शिकविली. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ वडिलांच्या मागे उभे राहून साथ करीत आणि गावोगाव हिंडत.”

“हे लिहिलेले आहे का, गुरुजी?” एका मुलाने लगेच विचारले.

“लिहिलेले आहे. दामोदरपंतांनी तुरुंगात असताना आपली हकीगत स्वतः लिहून ठेवली.” गुरुजींना प्रश्न आवडला, हे त्यांच्या मुद्रेवरून दिसले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि ती पुण्यातही येऊन पोहोचली. तो रोग कसा पसरतो हे तेव्हा नीट कळले नव्हते आणि त्यावर गुणकारी औषधही नव्हते. डॉक्टर हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. परंतु ती पुण्याच्या गल्लीबोळांपर्यंत पोहोचावयास अवकाश होता. रोग्यांना इतरांपासून वेगळे करावे, एवढाच उपाय सरकारच्या हाती होता. पुण्यातील या कामावर रँड नावाचा अधिकारी नेमला गेला. त्याने गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती घेतली. सैनिक थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, रोग्यांना इस्पितळात नेत, घरातील इतरांना गावाबाहेरच्या छावणीत ठेवीत आणि सामानाची नासधूस करीत. लोकांना रोगाइतकेच या झडत्यांचे भय वाटू लागले.

“म्हणजे रोग्यांना वेगळे ठेवणे चूक होते का?” भालकीच्या मुलीने विचारले. तिच्या घरी २०२० च्या टाळेबंदीच्या आठवणी अजून निघत असत.

“वेगळे ठेवणे चूक नव्हते,” गुरुजी म्हणाले. “ज्यांच्या घरात शिरावयाचे, त्यांना माणसे म्हणून वागविले नाही, ही चूक. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. रोगी तेच, रोग तोच. पण हात निराळे.”

पुढची हकीगत गुरुजींनी थोडक्यात सांगितली. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ गणेशखिंडीतील सरकारी प्रासादात झाला. साऱ्या परिसरात रोषणाई होती. समारंभ आटोपून रँड आपल्या घोडागाडीतून परत निघाला, तेव्हा दामोदरपंतांनी त्याच्यावर गोळी झाडली. मागील गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट होता. त्याच्यावर बाळकृष्णपंतांनी गोळी झाडली. आयर्स्ट जागीच मरण पावला, रँड ३ जुलैला. सरकारने मारेकऱ्यांचा पत्ता देणाऱ्यास वीस हजार रुपयांचे बक्षीस लावले. द्रविड आडनावाच्या दोघा भावांनी चापेकरांची माहिती पोलिसांना दिली. पुढे फेब्रुवारी १८९९ मध्ये धाकटे वासुदेव आणि त्यांचे सहकारी महादेव रानडे यांनी त्या दोघांनाही गोळ्या घातल्या.

येरवड्याच्या तुरुंगात १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदरपंतांना फाशी झाली. पुढील वर्षी ८ मे रोजी वासुदेव, १० मे रोजी महादेव रानडे आणि १२ मे रोजी बाळकृष्णपंत फाशी गेले. तेरा महिन्यांच्या आत एका घरातील तीन भाऊ गेले. दामोदरपंत तिशीच्या आत होते. वासुदेवाने तर विशीही ओलांडली नव्हती.

मुले गप्प झाली. थोड्या वेळाने मागून एक बारीक आवाज आला, “गुरुजी, त्या आयर्स्टने काय केले होते?”

गुरुजींनी उत्तर देण्यापूर्वी काही वेळ घेतला. “रोष होता तो रँडवर,” ते म्हणाले. “आयर्स्ट मागच्या गाडीत होता. त्याचा जीव गेला, हेही मी प्रत्येक वेळी सांगतो. कथा सांगताना सोयीचे तेवढेच सांगावे, असे करू नये.” मग ते पुढे म्हणाले, “तो गणेशखिंडीतील प्रासाद आजही उभा आहे. १९४९ पासून तेथे पुण्याचे विद्यापीठ आहे आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.”

एव्हाना उन्हे कलली होती. अरुंद गल्ल्यांतून वळणे घेत मंडळी मंगलमूर्ती वाड्याकडे निघाली. नव्या इमारतींच्या मधूनच एखाद्या जुन्या घराची दगडी जोती, लाकडी चौकट किंवा एखादा कोनाडा दिसे. कोठे दारापुढे सडा घातलेला, तर कोठे दुचाकींची रांग. गुरुजी चालताना बोलत नसत. चालणाऱ्याने पाहावे आणि थांबल्यावर ऐकावे, अशी त्यांची रीत होती. मुलांना मात्र ही रीत पाळणे जड जात होते.

मंगलमूर्ती वाड्याच्या दाराशी येऊन गुरुजी म्हणाले, “आता सांगितलेल्या गोष्टी सुरू होतात.”

मोरया गोसावी हे गणेशाचे थोर भक्त. त्यांचा काळ कोणता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी त्यांना फार मागे चौदाव्या शतकात नेतात, तर कोणी बरेच अलीकडे आणतात. परंपरा अशी सांगते की, त्यांचे आईवडील बिदरच्या बाजूचे. ते तेथून निघून कऱ्हा नदीकाठच्या मोरगावास येऊन राहिले. मोरयांनी थेऊरला तपश्चर्या केली आणि पुढे ते पवनेच्या काठी चिंचवडला येऊन स्थिरावले. तरी मोरगावच्या मयूरेश्वराची वारी त्यांनी सोडली नाही. वृद्धपणी एवढी वाट चालवेना, तेव्हा कऱ्हेत स्नान करताना त्यांच्या ओंजळीत गणेशाची मूर्ती आली आणि ती घेऊन ते चिंचवडला परतले. तीच या वाड्यातील मंगलमूर्ती, असे भाविक मानतात. मोरगाव येथून सुमारे ऐंशी किलोमीटर दूर आहे. आजही माघ आणि भाद्रपद या दोन महिन्यांत मंगलमूर्तीची पालखी चिंचवडहून मोरगावास जाते.

“बिदरच्या बाजूचे?” भालकीच्या मुलीने मध्येच विचारले.

“तसे सांगतात,” गुरुजी म्हणाले. “तुला बिदर ठाऊक आहे?”

“आमचे गाव तिकडेच आहे.” इतके बोलून ती थांबली. मग म्हणाली, “म्हणजे, बाबांचे.”

बाईंनी तिच्याकडे पाहिले; त्या काही बोलल्या नाहीत. एका मुलाने मात्र हळूच, “आणि मोरगावची माणसे त्यांना परगावचे म्हणत असतील का?” असे विचारून साऱ्यांना हसविले. गुरुजीही हसले. “म्हणत असतील,” ते म्हणाले. “ते कोणी लिहून ठेवलेले नाही.”

मोरया गोसावींचे पुत्र चिंतामणी महाराज. देहूचे तुकाराम महाराज एकदा त्यांच्या भेटीस आले आणि त्यांनी चिंतामणींना ‘देव’ म्हटले, तेव्हापासून या घराण्याचे आडनाव देव झाले, अशी आख्यायिका आहे. गणेशोत्सवात लहानथोर ज्या ‘मोरया’चा गजर करतात, तो शब्दही याच मोरया गोसावींच्या नावावरून आला, असे मानले जाते. हे ऐकताच मुलांत कुजबुज झाली. तो गजर प्रत्येकाने केला होता. तो ज्याच्या नावाचा, तो पुरुष आपल्या शाळेपासून दहा-बारा किलोमीटरवर राहत होता, हे त्यांतील एकालाही माहीत नव्हते.

वाड्यापासून नदीकडे जाणारा रस्ता उताराचा आहे. त्या वाटेने मंडळी मोरया गोसावींच्या समाधीमंदिरापाशी आली. मार्गशीर्ष वद्य षष्ठीस येथे समाधी सोहळा असतो. तो जवळ आल्यामुळे मांडवाचे खांब उभे राहत होते, सुतार ठोकाठोक करीत होते आणि एक म्हातारा फुलांच्या माळा ओवीत बसला होता. मोरयांनी येथे नदीकाठी जिवंतपणीच समाधी घेतली, अशी श्रद्धा आहे. मूळ देऊळ साधे आणि ठेंगणे आहे. भव्य शिखर पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्याची तेथे निराशा होईल. परंतु गुरुजींना सर्वांत प्रिय असलेली वस्तू याच देवळात होती.

“आता दगडावर लिहिलेले,” ते म्हणाले. “या देवळात एक मराठी शिलालेख आहे. देवळाचे काम शके १५८० मध्ये कार्तिक शुद्ध द्वादशीस सुरू झाले आणि पुढच्या आषाढ शुद्ध चतुर्थीस पुरे झाले, असे त्यात कोरले आहे. आता सांगा, शकाचे इसवी सन कसे काढतात?”

“अठ्ठ्याहत्तर मिळवायचे!” चारपाच आवाज एकदम उठले.

“मिळवा.”

“सोळाशे अठ्ठावन्न.”

“बरोबर. १६५८ च्या कार्तिकात काम सुरू झाले आणि १६५९ च्या आषाढात संपले. वर्षाच्या आत देऊळ उभे राहिले. त्याच १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडले?”

हे मात्र साऱ्या वर्गाला ठाऊक होते. अफजलखानाच्या भेटीची हकीगत मुले एकमेकांचे बोलणे तोडीत सांगू लागली, तेव्हा बाईंना त्यांना आवरावे लागले. पाठ्यपुस्तकातील एक सन आणि समोरच्या भिंतीचा दगड यांचा असा संबंध जुळेल, असे त्यांना वाटले नव्हते. एका मुलाने त्या भिंतीला हळूच हात लावून पाहिला.

सूर्य मावळला. घाटाच्या पायऱ्यांवर मंडळी बसली. पवना सह्याद्रीच्या डोंगरांतून निघते, मावळातून वाहत येते आणि पुढे दापोडीजवळ मुळेला मिळते. शहराला प्यावयाचे पाणीही तीच पुरविते. चिंचवडच्या वरच्या अंगाला रावेत येथे ते उचलले जाते. खाली येईपर्यंत मात्र नदीचे रूप बदलते. त्या संध्याकाळी पाणी संथ आणि काळसर होते. काठाशी हिरवी पाने दाटली होती आणि त्यांत एक चेंडू आणि काही बाटल्या अडकल्या होत्या. मुलांनी नाके मुरडली.

“पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की ही नदी पायऱ्या चढून देवळात येते,” गुरुजी म्हणाले. “मग पुजारी, सेवेकरी, शेजारची माणसे मिळून सामान हलवितात. पाणी ओसरले की गाळ काढावयाचा, फरशी धुवावयाची आणि पूजा पुन्हा सुरू करावयाची. मी लहान असताना या पाण्यात पोहलो आहे. तळाचे खडे दिसत.”

“आता तुम्ही पोहाल?” एका मुलीने विचारले.

“नाही,” गुरुजी म्हणाले. एवढे एकच उत्तर त्यांनी त्या दिवशी एका शब्दात दिले.

देवळात घंटा वाजू लागल्या. आरतीला बरीच माणसे जमली होती. काहींच्या अंगावर कारखान्याचा निळा गणवेश होता. पहिल्या पाळीचे काम संपवून, बाजार करून ती थेट इकडे आली असावीत. एका गृहस्थाच्या हातात भाजीची पिशवी होती, ती त्याने खांबाशी ठेवली आणि टाळ उचलला. मुले दाराशी उभी राहिली. शेवटचा गजर झाला, तेव्हा त्यांनीही आवाज मिसळला आणि तो एवढा मोठा झाला की, पुढची काही माणसे वळून पाहू लागली.

गुरुजींनी मुलांचा निरोप घेतला. बाईंनी अडतीस डोकी दोनदा मोजली. बस पिंपरीकडे निघाली, तेव्हा अंधार पडला होता. मुंबई-पुणे रस्त्यावर डोक्यावरून मेट्रोची उजळलेली गाडी सरकत गेली. पिंपरीत रस्त्याच्या कडेला झाडांनी भरलेले एक मोठे आवार लागले. बाईंनी तिकडे बोट दाखविले.

“हा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना. स्वातंत्र्यानंतर पेनिसिलिन आपल्याच देशात तयार व्हावे आणि गरिबालाही परवडावे, म्हणून भारत सरकारने १९५४ मध्ये तो काढला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्यास साहाय्य केले. १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही.”

“ते कशावर देतात, बाई?”

“स्ट्रेप्टोमायसिन क्षयावर देतात. आणि प्लेगवरही ते गुणकारी आहे.”

बस सिग्नलपाशी थांबली होती. भालकीच्या मुलीने खिडकीची काच सरकविली आणि झाडांच्या आडून दिसणाऱ्या दिव्यांकडे ती पाहू लागली. चिंचवडचा तो वाडा येथून किती दूर असेल, याचा ती मनाशी हिशेब करीत होती. पाच किलोमीटर, फार तर सहा.

“बाई,” ती म्हणाली, “हे औषध तेव्हा असते, तर?”

पुढच्या बाकांवरील मुलेही वळून बाईंकडे पाहू लागली. हिरवा दिवा लागला. बस निघाली आणि कारखान्याची भिंत मागे पडेपर्यंत त्यांपैकी कोणीही बोलले नाही.